पांढऱ्या कॉलनी आणि दौंडचा बर्फ

मॅडम, आज प्रयोगशाळेत माझ्या विद्यार्थ्यांनी जीवाणूंची प्लेट पाहिली आणि एकच गलका केला, "पांढऱ्या आल्या!" मी तुमच्याच सुरात म्हणाले, "थांबा, रंग चढू द्या." तोंडं एवढीशी झाली बिचाऱ्यांची.

शिरूरच्या कॉलेजातला तो गुरुवार आठवतो. आपण जीवाणूंत बाहेरचा जीन घातला होता. तो नीट बसला की निळा रंग आणणारा जीन तुटतो आणि त्या जीवाणूंचा ठिपका, म्हणजे कॉलनी, पांढरी राहते. ज्यांत काहीच बसलं नाही त्या निळ्या होतात. जीन जोडणाऱ्या एन्झाइमचा शेवटचा थेंब संपला होता, पुन्हा करून बघायची सोय नव्हती. आणि मी घरी सांगून बसले होते, हे फसलं तर शिकणं पुरे, सोमवारपासून कंपनीत पॅकिंगला जाते. सकाळी पाहते तर सगळे ठिपके पांढरे! तुम्हाला सांगायला मी एसटी स्टँडवर धावत सुटले.

दौंडच्या गाडीतून तुम्ही उतरताय. हातात थर्माकोलचा खोका, पदराला मासळीचा वास. गुरुवारी दिवसभर वीज नसते, फ्रिज गार राहणार नाही, म्हणून अंडंही न खाणाऱ्या तुम्ही पहाटे दौंडच्या मासळी बाजारात बर्फासाठी उभ्या राहिलात! गाडीत शेजारी कोणी बसलं नाही म्हणे.

"मॅडम, समद्या पांढऱ्याच हायत की!"

"कोवळ्या आहेत गं अजून. गारव्यात ठेव, निळा उमटेल. आत्ता उचलशील तर फसशील. आणि झाकण सारखं उघडू नकोस."

शुक्रवारी प्लेट काढली तर जवळजवळ सगळ्या निळ्या. दोनच तेवढ्या पांढऱ्या राहिल्या होत्या. पुढे तपासलं, दोन्हींत आपला जीन होता. तुमच्याएवढी हट्टी बाई मी पाहिली नाही, आणि तुमच्याएवढं कोणी मला आवडलंही नाही.

पुढे दर वर्षी नव्या पोरांना तुम्ही सांगायचात, "दोन पांढऱ्या ठिपक्यांनी ही पोरगी पॅकिंगपासून वाचवली." मी नुसती हसायचे. तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे टाकायचं ते ठाऊक नाही, तरी आता सांगते. त्या दोन्ही निळ्या झाल्या असत्या तरी सोमवारी मी कंपनीत गेले नसते. तो खोका सांभाळत तुम्ही एसटीतून उतरलात, तेव्हाच माझं ठरलं होतं.