रूयचं पातेलं

यझ्द, २० मेहर

लाडक्या फरबोद,

तुझ्या आबजीचे, थोरल्या बहिणीचे, अनेक आशीर्वाद. घरी सगळं ठीक आहे असं लिहायला बसले होते, पण पेन पुढे जाईना. डाळिंबं उतरवली. यंदा फार फुटलीत. फोन आईच्या खोलीत असतो, आणि मी तुला काही सांगू लागले की ती "त्याला कशाला त्रास?" म्हणत रिसीव्हर हिसकावते. म्हणून हे पत्र मामांच्या हाती शीराझला धाडतेय.

नौरोजला आलास तेव्हा तू तिला जस्ताच्या, म्हणजे आपल्या रूयच्या, गोळ्यांची बाटली दिलीस. तुमच्या संशोधनाबद्दल तिने विचारलं, तर तू सोपं करून सांगितलंस, "साखर वाढली की शरीर आतून गंजतं, आई. रूय तो गंज थोपवतं का, ते आम्ही बघतोय. नेहमीच्या गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत." तिला फक्त गंज आणि रूय ऐकू आलं. "माझ्या लेकाने साखरेवर औषध काढलं," असं ती गल्लीभर सांगत सुटली.

बाटली उन्हाळ्यात संपली. दुसरी मागायची तर तुला त्रास! मग तिने काय केलं ते ऐक. मी अजून सावरलेले नाही. तुझं रूय म्हणजे जस्त. तिचं रूय म्हणजे माळ्यावरचं पातेलं! आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना सगळे रूयचीच म्हणतात ना. त्यात संध्याकाळी आंबट सिरका ओतून ठेवायचा आणि सकाळी अनशापोटी प्यायचा. नेहमीच्या गोळ्या बंद. डॉक्टरीणबाई विचारत, "गोळ्या घेता ना?" तर ही म्हणे, "तुमच्या हाताला यश आहे, घेते तर!" समोरच्याला नाही म्हणायचं नाही, हा आपला शिष्टाचार.

मला पातेलं सापडलं तेव्हा सिरक्याने खाऊन त्याच्या तळाला भोकं पडली होती. ते तसंच उचलून मी आईसमोर नेलं.

"हे काय गं?"

"गंजावरचं औषध. फरबोदचं."

"आई, हे ॲल्युमिनियम आहे!"

"शाळेत शिकवतेस म्हणून आता मला भांडी शिकव! माझ्या माहेरून आलंय ते."

तोवर पायाला झालेली जखम तिने मोज्यात लपवली होती. वासाने कळलं. डावा पाय. पाऊल आता नाहीये, फरबोद. घोट्यापासून काढलं. तुला कळवायचं नाही अशी तिने आम्हा सगळ्यांना शपथ घातली होती. आज मी ती मोडली.

आणि इतकं होऊनही ती इन्सुलिनची सुई टोचू देत नाही. साखर उतरत नाही आणि जखम भरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तर गुडघाही जाईल, आणि कदाचित तीही. मी हात जोडले, ओरडले. तर म्हणते कशी, "फरबोदच्या औषधामुळे घोट्यावर निभावलं. आता सुई घेतली तर त्याचं औषध खोटं ठरेल. पोराने गल्लीत तोंड कसं दाखवायचं?"

मी पुन्हा डॉक्टरीणबाईंना गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी एक सांगितलं: या सुईतल्या औषधातही चिमूटभर जस्त असतं. मी धावत जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला म्हणू दे. मग बघू."

तेव्हा आज फोन कर. आधी तिला स्वच्छ सांग की तुझं औषध अजून औषध झालेलं नाही, तुम्ही नुसतं तपासताय, आणि त्यात तुझी काही लाज जात नाही. ऐकलं नाही, तर सुईतल्या जस्ताचं सांग. मात्र तिथे जस्त म्हणू नकोस. रूय म्हण.

रडणं नंतर. मीही नंतरच रडणार आहे.

तुझं नाव राखायला जीव द्यायला बसलेल्या बाईची लेक,
महलका