खिशातले हात

प्रिय योकास्ता,

आधीच्या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हा हेही तुझी मावशी चुलीत घालणार हे धरूनच लिहितोय. कॉन्स्तान्साच्या डोंगरात आता थंडी असेल, कागद लवकर पेटेल. पण आधी वाच.

इकडे सगळं तसंच. कोपऱ्यावरच्या दुकानात डॉमिनो खेळणारे म्हातारे मला पाहिलं की सुरू होतात. "काय राधामेस, इंजिनिअर व्हायचं सोडून पत्ते वाटायला गेलास, आता पत्ते गेले आणि पोरगीही गेली." परवा मी त्यांचा डाव उधळून दिला. आई म्हणते, "तुझ्या डोक्यावर केळी ठेवली तर गॅस न पेटवता उकडतील." तुला हसू यावं म्हणून सांगतोय. कॉलेज अर्धवट टाकून मी कॅसिनोत आलो ते पगारासाठी, असं सगळ्यांना सांगायचो. तुझ्या शेजारचं टेबल मिळावं म्हणून आलो, हे फक्त तुला ठाऊक होतं.

मला हल्ली टाळी ऐकू येते. एकच टाळी, कोरडी. दुपारी गल्लीत कुणी चटई झटकली तरी मी दचकून बघतो. टेबल सोडताना आपण डीलर लोक वाजवतो ना, तीच. टाळी वाजवायची, दोन्ही तळवे कॅमेऱ्याला दाखवायचे, की बघा, हातात काही लपवलेलं नाही. सवय अशी की तू एकदा चर्चमध्ये बाकावरून उठतानाही तळवे दाखवलेस आणि पाद्रीबाबा प्रवचन विसरले. बाहेरच्या माणसाला त्यातलं काय कळणार?

ओस्वाल्दोआजोबांना नाहीच कळलं. जन्मभर चिलीतल्या नदीवर फेरीबोट चालवलेला माणूस, बायकोच्या गुडघ्यांना ऊब मिळावी म्हणून आपल्या बेटावर सुट्टीला आलेला. त्या संध्याकाळी ते तुझ्या टेबलावर जिंकत होते. दर वेळी टेबल सोडताना तू टाळी वाजवून तळवे दाखवायचीस, आणि तेही हसून टाळी वाजवायचे, तळवे दाखवायचे. पाहुणा हरत असला की आपल्याकडे त्याला रम फुकट. जिंकायला लागला की आपल्या मॅनेजरला, देमेत्रियोसाहेबाला, त्याच्यात चोर दिसतो. त्या जर्मन जोडप्याला मागच्या खोलीत नेलं होतं, आठवतं? ते बिचारे जिंकलेलं सगळं सोडून विमानतळावर पळाले. आजोबा पळाले नाहीत. शेजारच्या टेबलावरचा म्हणून मलाही त्या खोलीत बोलावलं होतं, तेव्हा मी स्वतः ऐकलं. "मुलगी निरोप घेत होती," ते म्हणाले, "मीही घेतला. निरोप घेणाऱ्याकडे आम्ही पाठ फिरवत नाही."

मग देमेत्रियो तुझ्याकडे वळला. "म्हातारा खुणा करत होता ना? की दोघं मिळून करत होतात? तूच ठरव, बाळ." तू मान हलवलीस. फार नाही, एवढीशी. ती होकाराची नव्हती, तू थरथरत होतीस, असं मी स्वतःला खूप सांगून पाहिलं. मी देमेत्रियोचा दात पाडला, त्याने मला रस्त्यावर काढलं, आणि तुझी ती एवढीशी मान पोलिसांत जाऊन जबानी झाली.

आजोबांचा पासपोर्ट काढून घेतलाय. बसथांब्यामागच्या खानावळीच्या वर खोली घेऊन दोघं नवरा-बायको राहतात. मी रोज जातो. योकास्ता, ते खिशातून हात काढत नाहीत. डास चावला तरी नाही. एल्सिराआजी त्यांना चमच्याने सूप भरवते. मी पहिल्यांदा हात मिळवायला पुढे केला तेव्हा त्यांनी आधी छताकडे पाहिलं, कोपरे तपासले, आणि नुसती मान झुकवली. आजी म्हणाली, "बोटीवर असताना हा दोन्ही काठांना हात करायचा. ओळखीचं असो नसो. मी म्हणायचे, अरे, जरा सुकाणू धर. आता माझाही हात धरत नाही."

गुरुवारी त्यांना न्यायाधीशांपुढे उभं करणार आहेत. त्यांच्या वकीलबाई म्हणतात, त्या टाळीचा अर्थ तिथल्या टेबलामागे उभं राहिलेल्या माणसानेच सांगायला हवा. बाकीच्या डीलरांना नोकऱ्या टिकवायच्यात. मी सांगतो म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "तू? तुझी साक्ष म्हणजे प्रेमपत्र. कोर्ट हसेल." राहिलीस तू. आधी खोटं बोललीस म्हणून तुझ्यावरही खटला होऊ शकतो, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय, आणि मी तुझ्यापासून लपवत नाही. मी तिथे दिसलो तर मीच तुला पढवून आणलं म्हणतील. म्हणून बुधवारीच मी मिचेसला भावाच्या होडीवर जातोय. तू आलीस तरी मला दिसणार नाहीस. तुला एकदा बघायला मी काय काय केलं असतं, ते तुला माहीत आहे. ते सगळं राहू दे. त्या माणसासाठी ये.

तुझाच, पण त्या दिवशी गावात नसलेला,
राधामेस