उजवा पंख

६ जानेवारी

बोटं गोंदानं चिकटलीत. लिहितेय कशी, माझं मला ठाऊक.

विश्वजित डिसेंबरच्या रजेत लाकडी विमानाचं किट घेऊन आला. चाळिशीला टेकलेला हवालदार गडी रजाभर फरशीवर पालथा पडून पंख करत होता. तोही एकच – डावा. उजवा राहिला. जाताना म्हणाला, "ऱ्हाऊ दे तसंच, हात लावू नगंस." म्हणजे लावायलाच हवा!

खरं कारण वेगळंच. फेब्रुवारीअखेर त्याला पलटणीत लिहून द्यायचंय – अजून दोन वर्षं नोकरी, की कायमचं घरी. मला तो घरी हवाय. फोनवर विचारलं की म्हणतो, "बघू." या "बघू"नं माझं डोकं फिरतं. वेडी आशा म्हणा, पण दोन्ही पंख लागलेलं विमान दाखवलं तर त्याला घरी यावंसं वाटेल.

९ जानेवारी

किटातला पंखाचा नकाशा पाटावर पसरला, वर प्लास्टिक. लाकडाच्या फासळ्या रेघांवर उभ्या करायच्या, टाचण्या रोवायच्या, गोंद लावायचा, वाट बघायची. वाट बघणं मला जमतं, फौजीची बायको आहे. लाकूड इतकं हलकं की जोरात श्वास सोडला तरी फासळी उडते.

आबा – माझे सासरे, तेही पलटणीतूनच पेन्शनवर आलेले – खुर्चीवरून हुकूम सोडतात. "रेघ सोडू नगंस पोरी. वाकडं बसलं की वाकडंच उडतंय."

१२ जानेवारी

एक फासळी मोडली. चिकटवली. कुणाला सांगणार नाही. आबांनी आवाज ऐकला असावा, त्यांनी टीव्ही मोठा केला.

१८ जानेवारी

झाला! त्याच्या डाव्या पंखाशेजारी ठेवला. काहीतरी चुकत होतं. उलटा केला, तर फुगीर पाठ खाली आणि सपाट पोट वर. परत सुलटा केला. आबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "दोन डाव्या चपला घालून कुठं निघालीस?"

मीही डावाच केला होता! नकाशात डावाच काढलाय आणि मी मुकाट्यानं त्याच्यावर बांधत गेले. हसून हसून आबांना ठसका लागला. मीही हसले. मग न्हाणीत जाऊन थोडी रडले. पंखासाठी नाही, त्याच्या "बघू"साठी.

२० जानेवारी

किटातलं लाकूड संपलं. सांगलीत चौकशी केली. दुकानदार म्हणतो, "ताई, सागवान न्या की, जन्मभर टिकंल." मला विमान करायचंय, दार नाही बसवायचं! शेवटी पुण्याहून कुरियरनं मागवलं.

सूचनांचा कागद आज वाचला. (लोक आधी वाचतात म्हणे.) उजव्यासाठी नकाशा पालथा घालायचा, आणि रेघा दिसाव्यात म्हणून त्याला तेल चोळायचं. गरम भजी कागदावर काढणाऱ्या बाईला हे सुचू नये? शेंगदाण्याचं तेल चोळलं. रेघा लख्ख आरपार! घरभर वास सुटला, आबा विचारतात, "काय तळलंस गं?"

८ फेब्रुवारी

उजवा झाला. या खेपेला खराच उजवा. फासळ्या आबांनी ब्लेडनं कापून दिल्या, नकाशातल्या फासळीच्या मापानं, एकेक.

संध्याकाळी विश्वजितचा फोन. सांगणारच होते. तेवढ्यात तोच म्हणाला, "किटाला हात लावला न्हाईस न्हवं?" आवाज केवढा काळजीचा! म्हटलं, "आवं, मला कुठं जमतंय ते!" मला जमत नाही असं मी जन्मात पहिल्यांदा बोलले, आणि तेही खोटं. मग हळूच विचारलं, "आणि तुमचं काय ठरलं?"

"बघू."

माझे दोन्ही पंख साडीत गुंडाळून कपाटावर टाकले.

२१ फेब्रुवारी

येतोय! कायमचा. रजेवरून परत गेल्या गेल्याच त्यानं लिहून दिलं होतं. मंजुरी येईपर्यंत बोलला नाही – "तुला उगं आशा कशाला लावायची?" आणि ते किट खेळायला आणलंच नव्हतं. "नोकरी सोडून घरात जीव रमंल का, त्ये बघत हुतो. रमला. म्हणून उजवा ठेवलाय, आल्यावर करायला."

फोन ठेवला आणि कपाटाकडे बघत बसले. "आबा, आता काय सांगू त्यांना?"

आबांनी पेपर खाली केला. "डावे किती झाले?"

"दोन."

"आन् उजवे?"

"एक."

"मग अजून एक उजवा करायचा ऱ्हायलाय की."