पिवळ्या कर्दळीचा निकाल

आप्पा, परवा आषाढी चतुर्दशी. आपला जैनांचा चातुर्मास लागला की तुमच्या नेमाप्रमाणे कार्तिकी पौर्णिमेपर्यंत विहिरीकडच्या वाफ्यात कुदळ पडणार नाही. जमिनीतला गड्डा काढायचा तर आज नाहीतर उद्या. मला एक रोप काढायचं आहे, आणि ते काढावं की ठेवावं हे तुम्हाला विचारावं म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेल्याला बारा पावसाळे झाले. उत्तर येणार नाही हे मला कळतं, पण तुम्ही होतात तेव्हा तरी कुठं सरळ उत्तर देत होतात? आतल्या गाठीचे म्हणून तुमची गावात ख्याती होती.

दादाची मुलं मला संशयी म्हणतात. दूधवाल्यानं भांडं खाली ठेवलं की मी आधी बोट बुडवून बघते, आणि शेजारीण गोड बोलली की हिला आज काय हवं असेल, असं मनात येतं. आता साहेब लोक देश सोडून चालले म्हणून सगळे पेढे वाटायच्या गोष्टी करतात, तर मी म्हणते आधी जाऊ देत, मग बघू. पण हा स्वभाव मला तुमच्याच वाफ्यात लागला. बेळगावच्या कॅम्पातल्या एका बंगल्यात तुम्ही बागेचे मुकादम होतात. तिथल्या साहेबानं विलायतेहून आयरिस नावाच्या फुलांचे गड्डे आणवले, ते बेळगावच्या पहिल्याच पावसात कुजून गेले, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत. फुलं गेली, पण शंभर रोपांतून ठेवण्याजोगं एक कसं शोधायचं ही त्याची रीत तुम्ही उचललीत. साहेब परतला तसे तुम्ही निपाणीला आपल्या मळ्यात आलात, आणि तंबाखूच्या रानात विहिरीकडची दोन गुंठे जागा राखून तीच रीत कर्दळीवर चालवलीत.

मी तेव्हा नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली, तेवीस वर्षांची. चिकोडीला दिराच्या घरी जातं ओढत बसण्यापेक्षा तुमच्या वाफ्यात मातीत हात घालणं मला बरं वाटे. कर्दळीचं बी छऱ्यासारखं टणक. ते दगडावर घासून पांढरं दिसेपर्यंत झिजवायचं, कोमट पाण्यात भिजत घालायचं, फाल्गुनात पेरायचं. पावसाळ्यात रोपं फुलली की तुम्ही हात मागं बांधून हिंडता आहात, मी पाठीमागं आहे, असं अजून डोळ्यांसमोर येतं. "पयल्या फुलाला भुलू नगंस. ते खोटं बोलतंय," तुम्ही म्हणता. भर दुपारी बघायचं, झोडपून पाऊस गेल्यावर बघायचं, दहा पावलं लांबून बघायचं. सुकलेलं फूल आपसूक गळतं का, की दांडीला धरून बसतं? धरून बसलं तर रंग कितीही चांगला असो, चार दिवसांत रोप चिंध्या वाळत घातल्यासारखं दिसतं. असं रोप दिसलं की तुम्ही "साकु" म्हणायचात, म्हणजे कानडीत पुरे, आणि पुढं चालायचात.

एकदा मी विचारलं, रोप निरोगी आहे, फूलही बरं आहे, मग का काढायचं? तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "आईपरास सरस न्हाय तर लेक ठिवायची कशाला?" तुम्ही रोपाविषयी बोलत होतात. मी ते माझ्यावर घेतलं. रात्री आईच्या शेजारी अंथरुणावर पडल्यावरही तेच डोक्यात. त्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक शब्दामागं मी दुसरा शब्द शोधायला लागले.

फुलं येणार पावसाळ्यात आणि चातुर्मासात गड्डा उपटायचा नाही, म्हणून निकाल झाला की तुम्ही रोपाला धागा बांधत होतात. ठेवायच्याला पांढरा, काढायच्याला काळा. कार्तिकी झाली की दादा काळ्या धाग्याची रोपं खणून काढी. तीही तुम्ही कधी जाळू दिली नाहीत. ओढ्याच्या काठाला नेऊन टाकायचं, जगलं तर जगलं. बाकीचे लोक तिथल्या तिथं उपटून मोकळे होतात. आपल्याकडं निकाल लागलेलं रोप तीन-तीन महिने गळ्यात धागा घालून उभं असायचं.

मी येऊन आठ वर्षं झाली, त्या वर्षी दादानं जागा तंबाखूला मागितली. जेवताना सरळच म्हणाला, "फुलं काय वडायची हायत व्हय आप्पा?" तुम्ही आमटी भुरकून झाल्यावर बोललात. "दोन पावसाळं थांब. हिनं निवडल्यालं एक रोप टिकलं तर वाफा हिचा. न्हाय टिकलं तर तुझा." वाफा गेला असता तर मला चिकोडीला धाडायचं, हे कुणी बोललं नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी निवडलं ते वाफ्याच्या टोकाचं, खरवसाच्या रंगाचं फिकट पिवळं. तशा रंगाची कर्दळ मी पाहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी दादा आणि तुम्ही विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं तिथं, बसून हळू आवाजात बोलत होतात, आणि मी घागर घेऊन आले तसे गप्प झालात. दादा म्हणाला, "काय न्हाय, बैलाचं बोलतोय." बैलाचं बोलायला आवाज कशाला खाली आणायला लागतो? त्याच आठवड्यात तुम्ही माझ्या पिवळ्याला काळा धागा बांधलात. उणीपुरी चार फुलं आली होती त्याला. पहिल्या फुलावर निकाल द्यायचा नाही हा नियम तुमचाच, आणि तो मोडलात तो माझ्याच रोपापाशी. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणालात, "फूल सुटंना झालंय. दुसरं बघ." माझी खात्री झाली की पाणी इथंच मुरतंय. बापलेकांनी मिळून मला घालवायचं ठरवलंय.

पर्युषणात दुपारी तुम्ही सगळे बस्तीत, आपल्या जैन देवळात, गेलात. मी डोकं दुखतंय म्हणून मागं राहिले, आणि वाफ्यात जाऊन पिवळ्याचा काळा धागा सोडला. नुसता सोडून भागणार नव्हतं, तुम्ही धागे मोजत होतात. शेजारी तांबड्या फुलाचं, पिवळ्या काठाचं रोप होतं, त्याला तुमचा पांढरा धागा होता. दोघांची अदलाबदल केली. गाठीही तुमच्यासारख्याच मारल्या.

कार्तिकीनंतर दादानं खणायला घेतलं. तांबड्यापाशी आला तसे तुम्ही पुढं झालात. वाकून धागा बोटांत धरलात. "हीच?" दादा म्हणाला, "काळा धागा हाय की." चोराच्या मनात चांदणं, मी तुमच्याकडं बघितलंच नाही. मग तुम्ही "बरं" म्हणालात, आणि तो गड्डा स्वतः पाटीत ठेवलात.

पुढच्या पावसाळ्यात माझं पिवळं असं फुललं की रस्त्यानं जाणारी माणसं बांधावर थांबायला लागली. रोज सकाळी मी भाकऱ्या उरकून जायची आणि बघायची. दांडी स्वच्छ, कालची फुलं खाली मातीत. एकही चिकटलेलं नाही. दांडीवर बारीक खुणा दिसायच्या, त्या मी नाकतोड्यांच्या धरल्या. मला आनंद व्हायच्या आधी राग आला. दादासमोर, आईसमोर मी तुम्हाला म्हणाले, "बघा, गळत्यात की फुलं. तुम्ही खोटं बोललासा. मला घालवायचं हुतं तुमास्नी." बापाला असं कुणी बोलत नाही. दादा उठून उभा राहिला. तुम्ही त्याला हातानं खाली बसवलंत आणि म्हणालात, "व्हय. माजीच नजर चुकली." त्या दिवाळीला वाफा माझा झाला. तेव्हाही मला वाटलं, हे इतक्या सहज कसे मानले?

माघात तुम्ही गेलात. श्रावण आला, पिवळं पुन्हा भरून फुललं. एका सकाळी वाफ्यात गेले तर कालची, परवाची, त्याच्या आदल्या दिवसाची सगळी फुलं तपकिरी होऊन दांडीला चिकटून बसलेली. मला आधी दादाचाच संशय आला, यानं मुळात काहीतरी ओतलं असणार. चार दिवस पाळत ठेवली. वाफ्यात कुणीच आलं नाही आणि फुलंही गळली नाहीत. शेवटी एक सुकलेलं फूल मी नखानं खुडलं. दांडीवर खूण उठली. मागच्या पावसाळ्यातल्या खुणा हुबेहूब तशाच होत्या.

पहाटे बस्तीला जायच्या आधी तुम्ही विहिरीवर आंघोळीला जात होतात. घरातलं कुणी उठायच्या आत. सत्तरीचा माणूस, पावसात, एकेक फूल खुडून मातीत टाकत होता, आणि दिवसा मी त्याला खोटारडा म्हणत होते. धाग्यांचंही तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तिथंच चिखलात बसून रडले, आप्पा. तुमच्यावर मी एवढी चिडलेली होते की तुम्ही गेलात तेव्हासुद्धा नीट रडले नव्हते.

दादाला मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या पहाटेपासून फुलं मीच खुडते आहे, बारा वर्षं. लोक म्हणतात, हिची नजर बापावर गेली. मी मान हलवते. आता पाठ धरते, वाकवत नाही, म्हणून रोप काढून टाकावं असं मनात आलं होतं. पण काढलं तर दादा का म्हणून विचारणार, आणि मला सांगावं लागणार. तेव्हा राहू दे. तांबडं मी ओढ्याकाठी दोन वर्षं शोधलं, पुरानं काठच नेला होता.

हे पत्र वहीत ठेवते, वही पेटीत. एक मात्र तुम्हालाही कळलं नसेल, किंवा कळलं असेल तर बोलला नाहीत. धागा बदलायला मी तांबडंच का घेतलं, ते शेजारी होतं म्हणून नव्हे. दहा पावलं लांब जाऊन, भर दुपारी, तुम्ही शिकवलंत तसं मी आधी दोन्ही बघितली होती. तांबडं सरस होतं. ते शेजारी उभं राहिलं असतं तर माझं पिवळं उणं दिसलं असतं. म्हणूनच घेतलं.