धाकटे काका, वय पन्नास

१२ जून

ती. धाकटे काकांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. अडतिसाव्या वर्षी शाळेचा दाखला कशाला, असं आई विचारत होती. मी म्हटलं, घरात मी एकटीच पदवीधर झालेली त्यांना बघवत नसेल.

गंमत तिथेच संपली. शाळेच्या जुन्या रजिस्टरात तुमचं नाव सापडलं, पण बाबांच्या चार वर्षं आधी. मी कारकुनांना म्हटलं, चूक आहे, हे माझे धाकटे काका. ते चष्मा पुसत म्हणाले, की धाकटा कसला, तो माझ्याच बाकावर बसायचा. उंचीने म्हणत असाल तर गोष्ट वेगळी.

बाबांना विचारलं तर ते चपला घालून बाहेर गेले. ज्या काकांना मी सगळं सांगत आले, त्यांनी मला एवढंही सांगू नये? दाखला सोबत आहे. उत्तर पाठवा, आणि या वेळी खरं.

तुमची, अजून तरी,
पुतणी

२८ जून

चि. पदवीधरबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावलीस ते बरं केलंस.

दादासाठी, म्हणजे तुझ्या बाबांसाठी, मुली बघत होते तेव्हा मी सव्वीसचा होतो. थोरला असा ठेंगू, मग पुढची पिढीही अशीच, या भीतीने दोन स्थळं परत गेली. तिसऱ्या वेळी तुझ्या आजोबांनी माझी दोनदा दाढी करवली, मला अर्धी चड्डी घातली, हातात चेंडू दिला. मी चौदा वर्षांचा धाकटा भाऊ झालो. बघण्याच्या कार्यक्रमात तुझ्या आईने हनुवटी धरून मला लिमलेटची गोळी दिली. पुढे कागदांवरही तेच वय चढलं. लग्न झालं की सगळं सरळ करतो, असा दादाने शब्द दिला होता.

इथे परदेशात अभिनेत्यांच्या संघाचा नियम आहे. पन्नाशीनंतर रबरी सोंगात शिरायला नकार देता येतो. वीस वर्षं मी माकडं आणि राक्षस आतून चालवले. तोंड कुणाला दिसलं नाही. आता मानेचे मणके झिजलेत. पुढचं सोंग चढवलं तर हात जातील, असं डॉक्टर म्हणतात. पण कागदावर मी अडतीसचा. दाखल्यासोबत घरच्या माणसाचं सहीचं निवेदन हवंय. दादाला सांग. तो नाही म्हणणार नाही.

तुझा,
काका

१९ जुलै

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार.

धाकटे लिहवत नाही, थोरले लिहायची सवय नाही.

बाबा नाही म्हणाले. पुढच्या महिन्यात मला बघायला येणार आहेत. हे आत्ता बाहेर पडलं तर घर खोटारडं ठरेल, लग्न झालं की सही करतो, म्हणाले. तोच शब्द, आता माझ्या नावावर. असं लग्न मला नको, म्हटलं, तर चार बुकं शिकून बापाला शिकवायला लागलीस, असं ऐकावं लागलं.

सही आईने केली. पदराला हात पुसून तिने पेन मागितलं. मग म्हणाली, की गोळी देताना हनुवटीचे खुंट बोटांना टोचले होते. तिला त्याच दिवशी कळलं होतं. पण तिला हे घर हवं होतं, म्हणून ती गप्प बसली. मी तिचे पाय धरू की तिच्याशी बोलणं सोडू, मला कळत नाही.

निवेदन सोबत आहे. माया कमी करू नका.

तुमची,
पुतणी

७ ऑगस्ट

चि. पदवीधरबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

संघाने निवेदन मान्य केलं. सोंग परत गेलं. एका चित्रपटात घड्याळजीचं काम मिळालंय, उघड्या चेहऱ्याने. आईला सांग, मी तिचा ऋणी आहे.

पण तिला हेही सांग. त्या दुपारी एका परक्या मुलीला मी चौदा वर्षांचा वाटलो, म्हणजे मला अभिनय येतो, एवढ्या भरवशावर मी देश सोडला. सोंगात जीव गुदमरायचा तेव्हा ती गोळी आठवायचो. तिला कळलं होतं, तरी ती मला बाळ म्हणत राहिली आणि मी तिच्या पाया पडत राहिलो. अभिनय तिचा चांगला होता.

पत्राच्या शेवटी थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद लिहायची आपली रीत. इतकी वर्षं दादाला नमस्कार लिहिला. आता आशीर्वाद लिहायला हवा, पण हात उठत नाही. त्याची ओळ कोरी सोडतोय. त्याला दाखव.

चि. दादास

तुझा,
थोरला काका