त्रिभुवन टॉकीज कोणाची

मी, त्रिशला भ्रतार सन्मती मगदूम, वय वर्षे एकाहत्तर, धंदा त्रिभुवन टॉकीज, राहणार निपाणी, जिल्हा बेळगावी, हे मृत्युपत्र राजीखुशीनं, कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा कुमार म्हणणार की म्हातारीला शेवटी भ्रम झाला होता. वकील ओमकार यांचं म्हणणं पडलं की इथल्या कचेरीसाठी कागद कन्नडमध्ये असलेला बरा. त्यांनी केलेला कन्नड तर्जुमाही जोडला आहे. दोन्हींत कुठे फरक निघाला तर मराठी खरं धरावं. मला कन्नडमध्ये व्यवहार जमतो, रागवायला जमत नाही.

यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात सगळं कुमारला दिलं होतं. ते आजपासून रद्द. रद्द करण्याचं कारण लिहायची गरज नसते, असं वकील म्हणतात. मला मात्र ते लिहायचं आहे.

कुमारने मागच्या वर्षी ‘सुट्टे न्हाईत’ नावाचा विनोदी पिक्चर काढला. गोष्ट अशी की एका गावात एक विधवा टॉकीज चालवते. ती कवडीचुंबक आहे, कोणाला उरलेले पैसे परत देत नाही, आणि सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून तिकिटाच्या खिडकीतच डबा उघडून बसते. एका हाताने भाकरी मोडते, दुसऱ्या हाताने तिकीट फाडते, आणि गिऱ्हाइकाला भाजीचा डाग पडलेलं तिकीट मिळतं. माझं काम एका बाप्याला लुगडं नेसवून दिलं होतं. त्याला माझ्यासारखा तीळही लावला होता, तो चुकीच्या गालावर.

हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी कुमारने बाल्कनीतली मधली खुर्ची माझ्यासाठी फुलं लावून राखून ठेवली होती. बाप्या पडद्यावर आला आणि पहिल्यांदा ‘सुट्टे न्हाईत’ म्हणाला, तेव्हा अख्खा हॉल मागे वळून माझ्याकडे बघून हसला. मी मध्यंतरापर्यंत बसले आणि मध्यंतरानंतरही बसले. उठले असते तर त्यावरही हसले असते.

आता धंद्याचं. हा पिक्चर सगळीकडे आपटला. पुण्यात शुक्रवारी लागला आणि सोमवारी उतरला. कोल्हापुरात त्याचा खेळ दुसऱ्याच दिवशी सकाळच्या वेळेला ढकलला, म्हणजे काय ते धंद्यातल्या माणसाला कळतं. माझी मुलगी ब्राह्मी बेळगावात, शहापुरात दिली आहे. ती नवऱ्याला घेऊन बघायला गेली, तर हॉलमध्ये ती दोघं, एक झोपलेला माणूस आणि एसीची हवा खायला आलेलं कॉलेजचं एक जोडपं. निपाणीत मात्र हाउसफुल्ल. एक-दोन दिवस नव्हे, आठवड्यामागून आठवडे. बिड्या वळणाऱ्या बायका कामावरून थेट येत. चिकोडी, संकेश्वरहून वडापच्या गाड्या भरून लोक येत. आधी पडद्यावरची म्हातारी बघायची आणि बाहेर पडताना खिडकीतली खरी बघायची, असा तो डबल कार्यक्रम होता. रस्त्याने जाताना पोरं मागून ‘सुट्टे न्हाईत’ ओरडत. देवळात पूजेच्या रांगेतसुद्धा एक बाई तोंडाला पदर लावून फसकन हसली.

टॉकीज माझी होती. मनात आणलं असतं तर दुसऱ्याच दिवशी पोस्टर उतरवलं असतं. उतरवलं नाही. मला हसायचं तर माझ्याकडून तिकीट काढून हसा, असं ठरवलं आणि रोज संध्याकाळी मी स्वतः खिडकीत बसले. तिसऱ्या आठवड्यात दर वाढवला. ओळखीची माणसं मान खाली घालून तिकीट घेत आणि आत जाऊन खिंकाळत. एकानेही उरलेले पैसे मागितले नाहीत. टॉकीजचं गळकं छप्पर त्या पैशांतून नवं झालं, हे या ठिकाणी नमूद करते.

या सगळ्याचा कुमारने अर्थ काय लावला, तर आपल्याला विनोदाची नस सापडली आहे. पेढ्याचा पुडा घेऊन आला आणि म्हणाला, “आई, पुण्यावाल्यांना कॉमेडी कळत न्हाय. निपाणीच्या पब्लिकनं बघ कसं डोक्यावर घेतलंय.” मी पेढा खाल्ला. आता तो दुसरा विनोदी पिक्चर काढणार आहे आणि त्यासाठी टॉकीज विकणार आहे. गिऱ्हाईक ठरलंय, तिथे गाळे होणार, सगळं माझ्या मरणावर अडलंय. त्याच्या दुसऱ्या पिक्चरात मी नाही, तो म्हणे सरपंचाच्या निवडणुकीवर आहे. बाळा, लोक तुझ्या पिक्चरला हसले नाहीत, मला हसले. जिथे मला कोणी ओळखत नाही तिथे तुझं काय झालं, ते वर लिहिलंच आहे. हे मी तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास की आईला जळफळाट झाला. झालाच होता. पण खोटं काही बोलत नाही.

कलम १. राहतं घर, वरच्या खोल्या आणि परसातल्या विहिरीसह, ब्राह्मीला द्यावं. पिक्चर बघून तू हसलीस का, असं मी तिला फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, थोडी. कुठल्या ठिकाणी हसलीस तेही तिने सांगितलं. कुमारची बायको दिव्या ‘छे, मला तर रडू आलं’ म्हणाली होती. त्या बाप्याला नेसवलेली अंजिरी साडी माझ्या कपाटातून याच दिव्याने काढून दिली होती. तेव्हा माझ्या उरलेल्या सर्व साड्या आमच्याकडे काम करणाऱ्या रुक्माबाईला द्याव्यात. दिव्याने त्यातली एकही मागू नये, तिची एक आधीच नेऊन झाली आहे.

कलम २. माझी नणंद गुणाबाई हिने गेली तीस वर्षं माझ्या गोष्टी गावभर पुरवल्या, आणि पिक्चर लिहिताना कुमारला चहासोबत रोज एक याप्रमाणे पुरवल्या. श्रेयनामावलीत ‘विशेष आभार’ म्हणून तिचं नाव आहे. तिला माझी कवळी द्यावी. तिचं तोंड सतत चालू असतं, एक जोड कमी पडेल.

कलम ३. बँकेतली ठेव मोडू नये. तिच्या व्याजातून ऑपरेटर मारुतीराव यांना ते असेपर्यंत दरमहा पगाराएवढी रक्कम जात राहावी. ‘तुम्ही पिक्चर बघितला का’ असं मी त्यांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, वहिनी, मी केबिनमध्ये असतो, मला फक्त पडद्यावर उजेड नीट पडतोय का तेवढं बघायचं असतं. ते खोटं बोलले. पण ते खोटं मला चाललं.

कलम ४. निपाणी गावाला काहीही नाही. माझ्या नावाने बाकडं, पाणपोई, शाळेतलं कपाट असलं काही कोणी करू नये. शोकसभा घेऊ नये. तिथे कोणाला तरी हसू येईल आणि मग सगळ्यांनाच येईल.

कलम ५. पिक्चरमध्ये माझं म्हणून जे जे दाखवलं आहे ते सर्व कुमारला द्यावं. म्हणजे जेवणाचा डबा, दोरी बांधलेला चष्मा, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा (कुलपं सोडून), मोडक्या दांड्याची छत्री, आणि चिल्लरचा पत्र्याचा डबा आहे तसा भरलेला. आईकडे पाहून त्याला एवढंच दिसलं. जेवढं दिसलं तेवढं त्याने घ्यावं.

कलम ६. त्रिभुवन टॉकीज, इमारत, जागा, यंत्रसामग्री व परवान्यासह. हे कलम मोठं आहे.

पिक्चरमध्ये सगळ्यात जास्त हशा पडतो तो नवरा मरतो त्या प्रसंगाला. वरच्या खोलीत नवरा शेवटचे आचके देतोय, विधवा होऊ घातलेली बाई त्याच्या कानात णमोकार म्हणतेय आणि बोटांनी तिकिटाची अर्धुकं मोजतेय. नोकर विचारतो, खेळ बंद करायचा का. ती म्हणते, बंद केला तर पैसे परत द्यावे लागतील, सुट्टे न्हाईत. इथे हॉल फुटायचा. बायका डोळे पुसायच्या हसून हसून. मी खिडकीत बसून हे रोज ऐकलं आहे. आमच्यात घरात मरण झालं की टॉकीजला कुलूप आणि सुतक, हे गावाला माहीत आहे. म्हणूनच ‘नवरा मेला तरी तिने खेळ चालू ठेवला’ ही गोष्ट एकोणतीस वर्षं टिकली. गोष्ट खरी आहे. खेळ मी चालू ठेवला होता.

माझे मालक मॅटिनीचा खेळ चालू असताना वारले. केबिनच्या बाजूच्या खोलीत त्यांच्या छातीत कळ आली आणि डॉक्टर पोचेपर्यंत संपत आलं होतं. हॉलमध्ये त्या दुपारी मोजकी माणसं होती. सगळ्यांचे पैसे परत करून वर रिक्षाचं भाडं दिलं असतं तरी मला जड गेलं नसतं. संध्याकाळचे दोन्ही खेळ मी रद्द केले आणि त्यांचे पैसे परत दिले, हे गावाने सोयीने विसरून टाकलं. मारुतीराव दारात येऊन म्हणाले, “वहिनी, खेळ थांबीवतो.”

मी म्हणाले, “नको. पोरगं खाली बसून हसायलंय. त्याचा पिक्चर संपू दे.”

कुमार, ते पोरगं तू. नऊ वर्षांचा होतास, पहिल्या रांगेत बसला होतास, आणि पिक्चर विनोदी होता. केबिनच्या झरोक्यातून तुझं हसणं इतरांपेक्षा वेगळं ऐकू येत होतं. दिवे लावले की तू बिनबापाचा होणार होतास. मला तुला तेवढा एक पिक्चर द्यायचा होता. मी त्यांच्या कानात णमोकार म्हणत होते आणि खालून तुझं हसणं येत होतं. त्यांना शेवटी त्यातलं काय ऐकू गेलं, मला माहीत नाही. पिक्चर संपल्यावर मी खाली आले, तर तुला हसून हसून उचकी लागली होती. पाणी पाजलं, आणि मग सांगितलं.

तू पेपरवाल्यांना सांगितलंस की लहानपणी बापाच्या टॉकीजमध्ये एक कॉमेडी पूर्ण पाहिली आणि त्याच दिवशी ठरवलं की आपणही लोकांना हसवायचं. कोणता दिवस ते तुला माहीत होतं. तरी तू तो प्रसंग लिहिलास, त्यात डॉक्टर घातलास, नोकर घातलास, तिकिटाची अर्धुकं घातलीस, आणि हॉलमध्ये बसलेलं एक पोरगं तेवढं गाळलंस. ते घातलं असतंस तर हशा पडला नसता. म्हणजे विनोद तुला कळतो, हे मी मान्य करते.

तेव्हा टॉकीजबाबत माझी इच्छा अशी. माझं सुतक फिटल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी त्रिभुवनमध्ये ‘सुट्टे न्हाईत’ लावावा. गावभर रिक्षा फिरवून पुकारा करावा. तिकीट पूर्ण दराने, पास कोणालाही नाही, घरच्यांनाही नाही. वर लिहिलेला प्रसंग येऊन हशा पडला की मारुतीराव पिक्चर थांबवतील आणि दिवे लावतील. कुमारने पडद्यासमोर उभं राहून हे कलम सहा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचावं. सगळं वाचलं तर टॉकीज बिनशर्त त्याची. त्याने ती विकावी, पाडावी, पिक्चर काढावा, माझी हरकत नाही. एक शब्द जरी गाळला, दुसऱ्याकडून वाचून घेतलं किंवा तो आलाच नाही, तर टॉकीज ब्राह्मीची, आणि तिने ती कुमारला विकू, भाड्याने किंवा बक्षीस देऊ नये. तो शब्दन् शब्द वाचतो का ते वकील ओमकार यांनी समोर कागद धरून तपासावं.

वाचून झाल्यावर लगेच दिवे घालवून उरलेला पिक्चर पुढे चालू करावा. त्यात अजून बरेच विनोद आहेत आणि काही चांगलेही आहेत. कुमारने पहिल्या रांगेत बसावं आणि कोणी हसतंय का ते शेवटपर्यंत ऐकावं.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, मी तो ऐकला, आणि त्यातलं काही सौम्य करण्याची वकिलांची सूचना मी नाकारली. खालील दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनीही तो पिक्चर तिकीट काढून पाहिलेला आहे.

मृत्युपत्र करणार : सौ. नव्हे, श्रीमती त्रिशला सन्मती मगदूम (सही)

साक्षीदार :
१. नागोजी रामा चव्हाण, सायकल स्टँड, त्रिभुवन टॉकीज (सही)
२. परशराम यल्लाप्पा पाटील, निवृत्त शिक्षक, मूळ राहणार खानापूर, हल्ली निपाणी (सही)

ठिकाण : निपाणी
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५