बोटीचं वॉर्निश आणि बाबांचा विक्रम

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार खरोखरच साष्टांग आहे. मी पिनबॉलच्या मशीनखाली पालथा पडून एक स्क्रू शोधतो आहे आणि कागद इथेच फरशीवर ठेवून लिहितो आहे, म्हणून अक्षराला हसू नये.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी अजून तुम्हाला बोटीवर चढू देत नाही म्हणे. तिचं बरोबर आहे. बोट दुरुस्त करणाऱ्याने निदान बोटीतून पडू तरी नये. इकडे सगळे ठणठणीत. फक्त सिंहाची प्रकृती तेवढी नाजूक आहे, त्याचं पुढे येईलच.

पत्र लिहायला कारण असं काही नाही, आणि मला काही मागायचंही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तुम्हाला आठवत असेल, खालचं कॅफे बंद झालं तेव्हा तिथलं पिनबॉलचं मशीन बाबांनी घेतलं आणि चार माणसांच्या पाठी कामातून घालवून बैठकीच्या खोलीत आणलं. मशीनच्या फळीवर सर्कशीचं चित्र, त्यावरून लोखंडी गोळा धावतो, आणि खालच्या दोन दांड्यांनी त्याला परत वर उडवायचं. गोळ्याने चित्र झिजेल या विचाराने तुमचा जीव तुटला आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही कारखान्यातून वॉर्निशचा डबा घेऊन हजर. बोटीचं वॉर्निश! पाच हात दिलेत आणि म्हणालात, "दाजी, आता हे समुद्रात बुडालं तरी चित्राला काही होणार नाही." मामा, शब्दाला तुम्ही पक्के आहात. पहिल्या मजल्यावर असल्यामुळे ते आजवर एकदाही समुद्रात बुडालं नाही.

पण कोरड्या खोलीत त्या वॉर्निशला करमेना. आधी ते पिवळं पडलं. (विदूषकाला कावीळ झाली, झोक्यावरची बाई धुक्यात गेली.) मग त्याला भेगा पडल्या आणि उन्हात भाजलेल्या नाकासारखे त्याचे पापुद्रे सुटायला लागले. खाली डाव्या कोपऱ्यात, दांडीच्या अगदी तोंडाशी, तर ते कधी वाळलंच नव्हतं. तिथे गोळा आला की थबकायचा, जरा विचार करायचा आणि मग पुढे निघायचा. बाबांची मात्र तक्रार नव्हती. अठ्ठ्याऐंशी लाख गुणांचा त्यांचा विक्रम मशीनच्या अंगावर खडूने लिहिलेला आहे आणि तो मोठ्याने वाचल्याशिवाय आमच्याकडे पाहुण्याला चहा मिळत नाही.

तर बाबा आत्याच्या घराच्या रंगकामावर देखरेख करायला गेलेत. (रंगाऱ्याला देव धीर देवो.) ते परत येतात त्याच दिवशी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. मी ठरवलं, तोवर वॉर्निश काढून फळी नवी कोरी करायची. आई म्हणाली, "हात लावू नकोस. ते मशीन म्हणजे त्यांची दुसरी बायको आहे, आणि तिचंच ते ऐकतात." मी कसला थांबतोय!

काच काढली, दिवे काढले, खुंट्या काढल्या. स्क्रू मिसळू नयेत म्हणून आईच्या गोळ्यांच्या डबीत वारांप्रमाणे ठेवले. (मंगळवारचा एक बेपत्ता आहे. आई म्हणते, मी गिळलेला नाही, पण सांगताना तिचा आवाज पडतो.) मग आमच्या सौभाग्यवती मदतीला आल्या. ती दातांच्या दवाखान्यात कामाला आहे हे तुम्ही जाणताच. तिने ड्रायरने फळी गरम केली आणि दातांवरचा थर खरवडायची आकडी घेऊन वॉर्निश खरवडू लागली. कामाला तोड नाही, पण सवय वाईट: दर दोन मिनिटांनी ती विदूषकाला "आता चूळ भरा" म्हणत होती.

त्यानंतर मला चिकटपट्टीचा शोध लागला. सुटलेल्या पापुद्र्यावर पट्टी दाबायची आणि हळूच ओढायची; वीतभर वॉर्निश अखंड निघून येतं. मामा, यासारखं सुख नाही. आणि हेच व्यसन घरभर पसरलं. आई जाता-येता एक पट्टी ओढायची. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि विरजण विसरून संध्याकाळपर्यंत सोलत बसल्या. मी शंभरदा बजावलं, काकू, हळू. पण त्यांनी सिंहावर पट्टी दाबली आणि अशी खसकन ओढली की वॉर्निशबरोबर सिंहाचं नाकही आलं. काकूंनी ते नाक उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो चित्र." नाक परत मीच रंगवलं. सिंह आता सर्दी झालेल्या बोक्यासारखा दिसतो, पण विदूषकाकडे बघत राहिलं तर लक्षात येत नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या गाड्या रंगवणाऱ्याकडून वर नवा पातळ थर मारून घेतला. फळी अशी झाली आहे की तिच्यात बघून भांग पाडावा. गोळा तर नुसता पाण्यासारखा पळतो. आता सगळं जोडून झालं आहे, एवढा एक मंगळवार सोडून. खाली गाडीचं दार वाजलं, बाबाच असणार. मामीला नमस्कार, गुडघ्याला आशीर्वाद.

तुमचा भाचा

ता. क. बाबांनी फळी पाहिली, चष्मा पुसला, माझ्या पाठीवर थाप मारली. मग खेळायला उभे राहिले. गोळा सुटला आणि थेट खाली. दुसरा, तिसरा, तीच गत. तेव्हा उलगडा झाला. बाबांचं सगळं कौशल्य त्या डाव्या कोपऱ्यातल्या चिकट वॉर्निशवर उभं होतं! गोळा तिथे रुतायचा, बाबा निवांत चहाचा घोट घ्यायचे, नेम धरायचे आणि मग हाणायचे. "मशीन बिघडवलंस," एवढंच म्हणाले. मशीन ठीक आहे हे दाखवायला आईने आयुष्यात पहिल्यांदा बटणांना हात लावला. एक्क्याण्णव लाख. खडू बाबांनी स्वतः तिच्या हातात दिला आणि तेव्हापासून ते खिडकीकडे तोंड करून बसले आहेत.

तेव्हा मामा, तेच वॉर्निश पाठवा. डब्याच्या तळाशी खरवड असली तरी चालेल, डाव्या कोपऱ्यापुरती, तळहाताएवढी. जमल्यास स्वतः या. बाबा म्हणतात, "तुझ्या मामाचा हात होता तो, तुला नाही जमायचं."

ता. क. पाकीट बंद करण्याआधी आईने पत्र वाचलं. तिचा निरोप तिच्याच शब्दांत: "शेंडेफळा, डबा सापडला तरी सापडला नाही असं कळव. गुडघा बरा झाला की ये. मी तुला खेळायला शिकवीन. आधी विक्रम वाचायचा, मग चहा."